एक्सझेड प्रकरण आणि निक्सओएस: तळातले एक पॅकेज मागे घेताना

२०२४ च्या गुड फ्रायडेला, म्हणजे २९ मार्च रोजी, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर एक सूचना जगभरच्या लिनक्स व्यवस्थापकांपर्यंत पोहोचू लागली. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विकासक आणि मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन या लिनक्स वितरणाच्या विकासाधीन शाखेवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याच्या साधनाने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे आढळले होते. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या लिबएलझेडएमए नावाच्या लायब्ररीपाशी येऊन पोहोचले. २४ फेब्रुवारीला प्रसिद्ध झालेली ५.६.० आणि ९ मार्चची ५.६.१ अशा दोन्ही आवृत्त्यांच्या अधिकृत टारबॉलमध्ये, म्हणजे स्रोत एकत्र बांधून प्रसिद्ध केलेल्या फाइलमध्ये, चोरदरवाजा होता, आणि तो ‘जिया टॅन’ या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ प्रकल्पात काम करून सहदेखभालकर्त्याच्या जागेपर्यंत पोहोचलेल्या व्यक्तीने बसवला होता. या दोषाला सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक आणि दहापैकी दहा अशी तीव्रता देण्यात आली.

त्या कटाचा इतिहास पुष्कळ ठिकाणी लिहिला गेला आहे आणि येथे तो पुन्हा सांगायचा नाही. येथे पाहायचे आहे ते असे, की त्या रात्री निक्सओएस या लिनक्स वितरणाच्या ‘अनस्टेबल’ चॅनेलवर (सतत अद्ययावत होणाऱ्या पॅकेजांच्या प्रवाहावर) चालणारे एखादे यंत्र ज्याच्या ताब्यात होते, त्याच्यासमोर नेमके कोणते प्रश्न उभे राहिले, त्यांपैकी कोणत्या प्रश्नांना डिक्लेरेटिव्ह मांडणीमुळे, म्हणजे यंत्रावर काय असावे ते आधी लिहून ठेवण्याच्या पद्धतीमुळे, चटकन उत्तर मिळाले आणि कोणत्या ठिकाणी तीच मांडणी आडवी आली. निक्सओएसची तेव्हाची स्थिर शाखा २३.११ ही ५.४ मालिकेतल्या एक्सझेडवर असल्यामुळे त्या शाखेवरच्यांना काहीच करायचे नव्हते. अनस्टेबल शाखेत मात्र ५.६.१ मार्च महिन्यातच पोहोचले होते.

यंत्राची मांडणी

निक्स हा पॅकेज व्यवस्थापक आणि त्यावर उभे असलेले निक्सओएस यांची मुळे नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात आहेत. एल्को डोल्स्ट्रा यांचा निक्सवरील पीएचडी प्रबंध २००६ सालचा आहे, आणि त्याच वर्षी आर्मेन हेमेल यांनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी त्या कल्पनेवर आधारित संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टमचा पहिला नमुना तयार केला. मूळ कल्पना अशी की प्रत्येक पॅकेज ‘निक्स स्टोअर’ या एकाच ठिकाणी, पण आपापल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते, आणि त्या फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला बत्तीस अक्षरांचा हॅश असतो. हा हॅश पॅकेज ज्यापासून बनले त्या सगळ्या सामग्रीवरून काढलेला असतो. मूळ स्रोत, पॅचेस, कंपायलर, बांधणीची स्क्रिप्ट, अवलंबून असलेल्या लायब्ररी यांपैकी काहीही बदलले की हॅश बदलतो आणि पॅकेजचा पत्ताही बदलतो.

या व्यवस्थेत यंत्रावर काय हवे ते एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिले जाते. कोणत्या सेवा चालू असाव्यात, कोणते वापरकर्ते असावेत, सर्वांसाठी कोणती पॅकेजेस उपलब्ध असावीत हे सर्व तेथे असते आणि ‘निक्सओएस-रिबिल्ड स्विच’ ही आज्ञा दिली की त्या वर्णनाबरहुकूम एक नवी ‘जनरेशन’ तयार होते. जुनी जनरेशन पुसली जात नाही. ती बूट मेनूमध्ये राहते.

येथे एक गोष्ट नव्याने आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही आणि या प्रकरणात तीच कळीची ठरली. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पॅकेजांची नावे असतात, आवृत्त्या नसतात. आवृत्ती ठरते ती निक्सपॅकेजेस या पॅकेजांच्या व्याख्यांच्या प्रचंड संग्रहाच्या कोणत्या कमिटवरून, म्हणजे नोंदलेल्या टप्प्यावरून, यंत्र बांधले गेले त्यावरून. फ्लेक, म्हणजे अवलंबने बांधून ठेवणारी निक्सची नवी पद्धत, वापरणाऱ्यांकडे हा कमिट ‘फ्लेक.लॉक’ या फाइलमध्ये नोंदलेला असतो आणि ती फाइल बहुधा कॉन्फिगरेशनसोबत गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात असते. जुन्या पद्धतीने चॅनेल वापरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तो कमिट यंत्रावरच्या चॅनेलच्या प्रोफाइलमध्ये असतो, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या बाहेर. चॅनेलवर चालणाऱ्या यंत्राला पूर्णपणे डिक्लेरेटिव्ह म्हणणे मला नेहमीच थोडे उदारपणाचे वाटत आले आहे, कारण तीच फाइल दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी यंत्रे तयार करू शकते.

आणि एक्सझेडच्या बाबतीत तर नावही सापडत नाही. कुणीही आपल्या पॅकेजांच्या यादीत ‘एक्सझेड’ असे हाताने लिहिलेले नसते. ते प्रत्येक यंत्रावर आपोआप येणाऱ्या मूलभूत साधनांमध्ये असते, शिवाय यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीपासून अनेक पॅकेजांच्या अवलंबनातून येते. म्हणून त्या रात्री ज्यांनी आपल्या फाइलमध्ये शोध घेतला आणि काही सापडले नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला, त्यांनी चुकीच्या जागी पाहिले होते.

पहिला प्रश्न: माझ्याकडे कोणती आवृत्ती आहे

योग्य जागा म्हणजे चालू यंत्राचे क्लोजर. एखाद्या पॅकेजला चालण्यासाठी जे जे लागते, आणि त्या प्रत्येकाला जे जे लागते, त्या सगळ्यांचा मिळून जो संच होतो त्याला निक्समध्ये क्लोजर म्हणतात. संपूर्ण चालू यंत्र हेही एक पॅकेजच असल्यामुळे त्याचेही क्लोजर काढता येते. ‘निक्स-स्टोअर’ या आज्ञेला चालू सिस्टमचा पत्ता देऊन तिच्या सर्व अवलंबनांची यादी मागितली आणि तीत एक्सझेड शोधले की सेकंदभरात उत्तर येते. त्यात ५.६.१ दिसले तर ते कोणामुळे आले हे ‘निक्स व्हाय-डिपेंड्स’ साखळीसह दाखवते, आणि कोणत्या अपडेटमध्ये आले हे ‘निक्स प्रोफाइल डिफ-क्लोजर्स’ सांगते. सिस्टमच्या प्रोफाइलवर ही शेवटची आज्ञा चालवली की प्रत्येक जनरेशनमध्ये कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले याचा जणू रोजकीर्दीसारखा उतारा समोर येतो.

इतर वितरणांमध्ये पॅकेजची आवृत्ती विचारणे अवघड आहे असे नाही. एका आज्ञेचेच काम आहे. फरक इतका, की तेथे मिळणारे उत्तर पॅकेज व्यवस्थापकाच्या नोंदवहीतून येते, तर येथे ते प्रत्यक्ष फाइलींमध्ये उमटलेल्या संदर्भांवरून येते. एखादा प्रोग्रॅम लिबएलझेडएमएची जी प्रत वापरतो तिचा पूर्ण पत्ता त्या प्रोग्रॅमच्या बायनरीतच कोरलेला असतो. एकाच यंत्रावर लिबएलझेडएमएच्या तीन प्रती असल्या तर तिन्ही दिसतात आणि कोणती कोणाची तेही दिसते.

दुसरा प्रश्न: त्यात चोरदरवाजा खरोखर आहे का

आवृत्ती ५.६.१ आहे म्हणजे चोरदरवाजाही आहे असे बहुतेक बातम्यांवरून वाटत होते. प्रत्यक्षात चोरदरवाजा स्रोतात उघड नव्हता. त्याचा गाभा चाचणीसाठी ठेवलेल्या दोन फाइलींमध्ये लपवला होता, आणि तो बाहेर काढणारी स्क्रिप्ट ‘बिल्ड-टू-होस्ट.एम४’ या फाइलमध्ये होती. ही छेडछाड केलेली फाइल गिटच्या भांडारात नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती. बांधणीच्या वेळी ती स्क्रिप्ट आधी परिस्थिती तपासत असे: ६४ बिटी एक्स८६ लिनक्स आहे का, जीसीसी कंपायलर आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही बांधणी डेबियनचे पॅकेज किंवा आरपीएम (फेडोरासारख्या वितरणांचे) पॅकेज तयार करण्यासाठी चालली आहे का. डेबियनसाठी ती स्रोताच्या फोल्डरमधली ‘डेबियन/रूल्स’ ही फाइल शोधत असे आणि आरपीएमसाठी एक विशिष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहत असे.

निक्सच्या बांधणीत यांपैकी दोन्ही नसतात. सँडबॉक्समध्ये, म्हणजे बांधणीच्या बंदिस्त वातावरणात, फक्त जाहीर केलेली सामग्री असते, आणि तीत ना डेबियनची फाइल असते ना आरपीएमचे व्हेरिएबल. त्यामुळे स्क्रिप्ट काहीही न करता पुढे गेली आणि निक्सओएसच्या लायब्ररीत दुष्ट कोड जोडला गेलाच नाही.

त्याच्या पलीकडेही दोन अडथळे होते. डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांत एसएसएच सेवेला सिस्टमडीला ‘मी सुरू झाले’ असे कळवता यावे म्हणून पॅच लावलेला असे. त्या पॅचमुळे सिस्टमडीची लायब्ररी आणि तिच्यामार्फत लिबएलझेडएमए ही एसएसएच सेवेच्या प्रक्रियेत शिरत असे. ओपनएसएसएचच्या मूळ स्रोतात हे नाही आणि निक्सओएसने तो पॅच घेतलेला नव्हता, म्हणून सेवा सुरू होताना लिबएलझेडएमए तिच्यात येतच नव्हती. दुसरा अडथळा पत्त्याचा. चोरदरवाजा आपण ‘/यूएसआर/एसबिन/एसएसएचडी’ या नेमक्या पत्त्यावरून चाललो आहोत का हे तपासत असे, आणि निक्सओएसवर तो प्रोग्रॅम स्टोअरमधल्या हॅशच्या पत्त्यावरून चालतो.

तीन कारणे, आणि प्रत्येक एकटेही पुरेसे. तरीही यातले एकही कारण निक्सने हल्लेखोर ओळखला म्हणून घडलेले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. हल्लेखोराचे लक्ष्य मोठी वितरणे होती आणि निक्सओएस त्याच्या हिशेबात नव्हते, एवढाच याचा अर्थ. निक्स स्टोअरचा पत्ता ओळखणारी आणखी एक ओळ लिहायला त्याला कितीसा वेळ लागला असता? निक्सच्या समर्थकांनी त्या आठवड्यात ‘आमची व्यवस्थाच सुरक्षित’ असा जो सूर लावला तो म्हणूनच मला पटला नाही.

हॅशच्या बाबतीतही तेच. निक्सपॅकेजेसमध्ये एक्सझेडच्या व्याख्येत टारबॉलचा हॅश लिहिलेला होता आणि उतरवलेला टारबॉल त्या हॅशशी तंतोतंत जुळत होता. तो जुळायलाच हवा होता, कारण तो खरोखरच प्रकल्पाने स्वाक्षरी करून प्रसिद्ध केलेला टारबॉल होता. आवृत्ती वाढवणाऱ्याने पहिल्यांदा जे पाहिले तेच सगळ्यांना मिळते आहे इतकीच हमी हॅश देतो. पहिल्यांदा जे पाहिले ते चांगले होते की नाही हे तो सांगत नाही. टारबॉल टाळून सरळ गिटमधला स्रोत का घेतला नाही, हा प्रश्न त्यावर स्वाभाविकपणे विचारला गेला. उत्तर बूटस्ट्रॅपच्या, म्हणजे पहिली साधने शून्यातून बांधण्याच्या, गणितात आहे. गिटमधल्या स्रोतातून बांधायचे तर बांधणीची स्क्रिप्ट तयार करणारी ऑटोटूल्स लागतात, ऑटोटूल्सना पर्ल ही भाषा लागते, आणि एक्सझेड हे या साऱ्यांच्याही आधी लागणारे पॅकेज. आधीच तयार केलेली ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट ज्यात असते तो टारबॉल तेथे सोयीसाठी नव्हता, गरजेपोटी होता.

एक व्यावहारिक तपशील येथे नोंदवण्यासारखा आहे. फ्रॉइंड यांच्या निवेदनासोबत तपासणीची एक छोटी स्क्रिप्ट आली होती. ती यंत्रावरच्या एसएसएच सेवेला कोणती लिबएलझेडएमए जोडलेली आहे हे शोधून त्या लायब्ररीत ठरावीक बाइट्स आहेत का ते पाहत असे. निक्सओएसवर एसएसएच सेवेला ती लायब्ररी जोडलेलीच नसल्यामुळे स्क्रिप्टला तपासायला काही सापडत नसे. लायब्ररीचीच खात्री करायची असेल तर क्लोजरमधून तिचा पत्ता काढून तो हाताने द्यावा लागत होता.

शिवाय काळाचा मुद्दा राहतोच. वरचे विश्लेषण आज नीटनेटके दिसते, पण ते पुढच्या काही दिवसांत टप्प्याटप्प्याने पक्के झाले. २९ मार्चच्या रात्री व्यवस्थापकाच्या हाती होती ती फक्त ‘बहुधा नाही’ एवढी माहिती, आणि त्याच व्यक्तीने एक्सझेडमध्ये आणखी काय करून ठेवले आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी ‘बहुधा नाही’वर थांबायचे की पॅकेज बदलायचे, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा होता.

बदल का लांबला

निक्सपॅकेजेसमध्ये एक्सझेड पुन्हा ५.४.६ वर नेण्याचा बदल तातडीने मांडला गेला. व्याख्येतल्या मोजक्या ओळी बदलण्याचे काम. पण तो बदल वापरकर्त्यांपर्यंत पोहोचायला कित्येक दिवस गेले, आणि याचे कारण त्या हॅशच्या नियमातच आहे.

निक्सपॅकेजेसमधले जवळजवळ प्रत्येक पॅकेज ‘एसटीडीएनव्ही’ या पायाभूत बांधणी-वातावरणात बांधले जाते. त्यात बॅश, सी कंपायलर, मेक, टार, ग्रेप, सेड यांच्याबरोबर एक्सझेडही असते, कारण असंख्य प्रकल्पांचे स्रोत एक्सझेडने दाबलेल्या टारबॉलच्या रूपात येतात आणि ते उघडायला ते लागते. म्हणजे एक्सझेड बदलले की एसटीडीएनव्ही बदलते, एसटीडीएनव्ही बदलले की ८० हजारांहून अधिक पॅकेजांच्या संग्रहातल्या बहुतेक सगळ्यांचे हॅश बदलतात, आणि हॅश बदलला की जुनी बांधलेली प्रत उपयोगाची राहत नाही. एखादे पॅकेज चालताना एक्सझेडला हातही लावत नसले तरी फरक पडत नाही. बांधताना ते वातावरणात होते, तेवढे पुरते.

असे बदल मुख्य शाखेत थेट जात नाहीत. ते ‘स्टेजिंग’ आणि मग ‘स्टेजिंग-नेक्स्ट’ या शाखांमधून येतात, हायड्रा ही बांधणी-व्यवस्था सगळे पुन्हा बांधते, मोडलेली पॅकेजेस दुरुस्त होतात, ठरलेल्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या की चॅनेल पुढे सरकते आणि बांधलेल्या प्रती सार्वजनिक कॅशेमध्ये, म्हणजे तयार प्रतींच्या साठ्यात, उपलब्ध होतात. त्याच्या आधी चॅनेल पुढे सरकवले असते तर प्रत्येक वापरकर्त्याच्या लॅपटॉपला जीसीसीपासून ब्राउझरपर्यंत सगळे स्वतः बांधावे लागले असते. डेबियन किंवा आर्चमध्ये त्याच संध्याकाळी एक छोटे पॅकेज बदलून विषय निकाली निघाला. तेथे लायब्ररी एका ठरावीक जागी असते आणि तिथली फाइल बदलली की सगळ्यांसाठी बदलते. निक्सने हीच सामाईक जागा जाणीवपूर्वक नाकारली आहे. एरवी या नकाराचा फायदा मिळतो आणि अशा दिवशी त्याची किंमत मोजावी लागते.

हाताशी असलेल्या वाटा

पहिली आणि सर्वांत सोपी वाट मागच्या जनरेशनवर जाण्याची. वर सांगितलेल्या डिफ-क्लोजर्सच्या उताऱ्यात एक्सझेड ५.४.६ वरून वर गेले ती जनरेशन ओळखायची, तिच्या आधीची बूट मेनूमधून निवडायची किंवा आज्ञेने तिच्यावर जायचे. काही मिनिटांचे काम आहे आणि यात काही उतरवावेही लागत नाही. मात्र जुनी जनरेशन अजून शिल्लक असली पाहिजे. जागा वाचवण्यासाठी आठवड्याला आपोआप कचरा साफ करण्याची व्यवस्था ज्यांनी लावलेली असते त्यांच्याकडे ती बहुधा नसते. आणि मागे जाते ते सॉफ्टवेअर, माहिती नव्हे: डेटाबेसच्या फाइली, वापरकर्त्यांची कामे, लॉग हे सर्व जिथल्या तिथे राहते. मधल्या काळात एखाद्या सेवेने आपला साठा नव्या स्वरूपात बदलून घेतला असेल तर जुनी सेवा त्यावर चालेलच असे नाही.

दुसरी वाट फ्लेक.लॉकमधला निक्सपॅकेजेसचा कमिट एक्सझेड वाढण्यापूर्वीच्या एखाद्या कमिटवर बांधून ठेवण्याची. लॉक फाइल गिटमध्ये असेल तर मागची नोंद परत आणली की झाले, आणि त्या कमिटच्या बांधलेल्या प्रती सार्वजनिक कॅशेमध्ये असल्यामुळे काही बांधावे लागत नाही. मला ही वाट बहुतेकांसाठी योग्य वाटते, कारण ती कॉन्फिगरेशनच्या पातळीवर घेतलेला निर्णय आहे: पुढच्या रिबिल्डला ती आपोआप पुसली जात नाही आणि का केले हे कमिटच्या संदेशात लिहिता येते. तोटा उघड आहे. मधल्या आठवड्यांतल्या ब्राउझर, कर्नल इत्यादींच्या सुरक्षा दुरुस्त्याही मागे पडतात. मग फक्त ब्राउझर नव्या निक्सपॅकेजेसमधून घ्यावा असा मोह होतो, आणि तेथे फसगत होते. नव्या कमिटमधून घेतलेला ब्राउझर स्वतःचे क्लोजर घेऊन येतो, आणि त्यात नवी लिबएलझेडएमए असण्याची शक्यता दाट असते. दोन्ही शाखा एकत्र वापरल्या तर क्लोजरची तपासणी पुन्हा केल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये.

तिसरी वाट ओव्हरलेची, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्येच एक्सझेडची मूळ व्याख्या बाजूला सारून ५.४.६ चा स्रोत देण्याची. निक्सची कार्यपुस्तिका वाचलेल्या कुणालाही हीच वाट प्रथम सुचते, कारण एरवी एखादे पॅकेज बदलण्याची ती रूढ रीत आहे. एक्सझेडच्या बाबतीत मात्र तिचा परिणाम असा, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपल्याच यंत्रावर बांधले जाऊ लागते. पडद्यावर कंपायलरची बांधणी सुरू झालेली दिसली की ही वाट आपली नाही एवढे लगेच कळते. मोठा बांधणी-सर्व्हर असलेल्या संस्थांनाच ती परवडणारी.

चौथी वाट कमी लोकांना माहीत होती आणि या प्रकरणाचा सर्वांत शिकण्याजोगा भाग तीच आहे. निक्सओएसमध्ये तेव्हा ‘सिस्टम.रिप्लेसरनटाइमडिपेंडन्सीज’ नावाचा एक पर्याय होता. त्याला मूळ पॅकेज आणि बदली पॅकेज अशी जोडी द्यायची. मग निक्स संपूर्ण यंत्र नेहमीप्रमाणे तयार प्रतींमधून उभे करते, आणि शेवटी क्लोजरमधल्या प्रत्येक फाइलीत मूळ पॅकेजचा पत्ता शोधून त्याजागी बदली पॅकेजचा पत्ता लिहिते. पुन्हा कंपाइल काहीच होत नाही. बायनरी फाइलींमध्ये सरळ अक्षरांची अदलाबदल होते. ज्या पॅकेजांत बदल झाला त्यांच्या नव्या प्रती तयार होतात आणि त्यांचा उल्लेख करणाऱ्यांच्याही. गिक्स या निक्सच्या कल्पनेवरच उभ्या असलेल्या वितरणात याच तंत्राला ‘ग्राफ्ट’ म्हणतात आणि सुरक्षा दुरुस्त्यांसाठी ते तेथे नेहमीच वापरले जाते. निक्सओएसमध्ये मात्र तो आणीबाणीचा दरवाजा आहे.

बायनरीत अक्षरे बदलायची तर जुना आणि नवा पत्ता समान लांबीचा असला पाहिजे, अन्यथा फाइलीतल्या पुढच्या सगळ्या जागा सरकतील. हॅशची लांबी नेहमी सारखीच असते, पण नाव आणि आवृत्ती यांची लांबी सारखी असेलच असे नाही. ५.६.१ आणि ५.४.६ यांची अक्षरे सारखीच भरतात हा निव्वळ योग. ५.२.१० सारख्या आवृत्तीवर जायचे असते तर नावात काटछाट करावी लागली असती.

दुसरा खाचखळगा अधिक घातक, कारण तो चूक दाखवत नाही. निक्सपॅकेजेसमध्ये एक्सझेडचे पॅकेज अनेक भागांत विभागलेले आहे: आज्ञा एका भागात, लायब्ररी दुसऱ्या भागात, विकासासाठीच्या फाइली आणि माहितीपृष्ठे आणखी वेगळ्या भागांत. केवळ ‘एक्सझेड’ असे नाव घेतले तर मिळतो तो पहिला भाग, म्हणजे आज्ञांचा. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती लिबएलझेडएमए ‘आउट’ नावाच्या भागात आहे. दोन्हींच्या जोड्या स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. फक्त पहिली जोडी दिली तर रिबिल्ड निर्विघ्न पार पडते, आवृत्ती विचारल्यावर आज्ञा ५.४.६ सांगते, आणि लायब्ररी वापरणारी बाकीची सगळी पॅकेजेस मात्र ५.६.१ वरच राहतात. बदल केल्यानंतर आज्ञेला आवृत्ती विचारून समाधान मानू नये, नव्या सिस्टमच्या क्लोजरमध्ये ५.६.१ चा मागमूस उरलेला नाही हे पाहावे, असे म्हणायचे ते यासाठी.

बदली पॅकेज कोठून आणायचे हाही प्रश्न होता. गिटहबने एक्सझेडचे भांडार बंद केल्यामुळे तेथून टारबॉल उतरवता येईना. निक्समध्ये मात्र स्रोताची ओळख हॅशवर ठरते, पत्त्यावर नाही. सोर्सफोर्जवरची प्रत वापरली आणि हॅश जुळला तर निक्सच्या दृष्टीने तो तोच स्रोत. स्थिर शाखेतले तयार एक्सझेड उचलणे सोपे वाटते, पण ते जुन्या ग्लिबसीशी (मूलभूत सी लायब्ररीशी) जोडलेले असते आणि ती ग्लिबसीही सोबत घेऊन येते. आपल्याच निक्सपॅकेजेसमधल्या व्याख्येला जुना स्रोत देऊन एकटे एक्सझेड बांधणे हे जास्त स्वच्छ आहे आणि ते काही मिनिटांत होते.

लायब्ररी मागे नेताना एक धोका राहतोच: नव्या आवृत्तीत आलेले एखादे फंक्शन कुणी वापरत असेल तर तो प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर सुरूच होणार नाही. ५.६ नुकतेच आलेले असल्यामुळे असे प्रोग्रॅम विरळा होते. ५.४.६ हेही पूर्ण निर्धोक मानावे का, यावर डेबियनमध्ये त्या दिवसांत बरीच चर्चा झाली, कारण ५.४ मालिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांतही त्याच व्यक्तीचे काम होते आणि आणखी मागे जावे असे काहींचे मत होते. मागे जायचे तर लायब्ररीतली आणखी फंक्शने गमवावी लागणार आणि जास्त पॅकेजेस मोडणार, हा त्यातला पेच.

कॉन्फिगरेशनच्या बाहेर राहिलेले

सिस्टमचे क्लोजर स्वच्छ झाले म्हणजे यंत्र स्वच्छ झाले असे नाही. ‘निक्स-एनव्ही’ किंवा ‘निक्स प्रोफाइल’ने हाताने बसवलेली पॅकेजेस प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र प्रोफाइलमध्ये असतात. कॉन्फिगरेशन फाइलला त्यांचा पत्ता नसतो आणि वरच्या चारही वाटा त्यांना स्पर्श करत नाहीत. वापरकर्त्याच्या खात्याची मांडणी सांभाळणारे, स्वतंत्रपणे चालवलेले होम-मॅनेजर, प्रकल्पांच्या फोल्डरमध्ये डिरएनव्ही या साधनाने धरून ठेवलेली विकास-वातावरणे, कधीतरी हाताने बांधलेल्या पॅकेजच्या ‘रिझल्ट’ नावाच्या दुव्यामुळे जिवंत राहिलेल्या प्रती, हे सगळे त्याच रांगेत येते. स्टोअरमध्ये एखादी प्रत का टिकून आहे हे ‘निक्स-स्टोअर’ला तिची मुळे विचारली की कळते. हे विचारल्यावर जे बाहेर येते ते पाहून आपले यंत्र आपण समजत होतो तितके डिक्लेरेटिव्ह नव्हते हे बऱ्याच जणांना त्या आठवड्यात उमगले असावे.

त्यानंतर चालू प्रक्रियांचा मुद्दा. ‘स्विच’ केल्यावर निक्सओएस ज्या सेवांची व्याख्या बदलली त्या पुन्हा सुरू करते, पण आधीपासून उघडे असलेले डेस्कटॉप सत्र आणि त्यातले प्रोग्रॅम जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतात. अशा प्रसंगी यंत्र पुन्हा सुरू करणे हाच सरळ मार्ग. जुन्या जनरेशनही बूट मेनूमध्ये तशाच असतात आणि त्यांतली एखादी चुकून निवडली गेली तर ५.६.१ परत येते. नवी जनरेशन नीट चालते आहे याची खात्री झाल्यावर बाधित जनरेशन काढाव्यात, कचरा साफ करावा आणि बूट मेनू ताजा करून घ्यावा. या क्रमात घाई करू नये: खात्रीपूर्वीच सगळे पुसले तर परतीची वाट राहत नाही.

चॅनेलने ५.४.६ स्वीकारल्यावर चौथ्या वाटेने गेलेल्यांना आणखी एक काम उरले होते, ते म्हणजे रिप्लेसरनटाइमडिपेंडन्सीजच्या ओळी काढून टाकणे. त्या राहू दिल्या तर मूळ पॅकेज म्हणून आता चॅनेलचे नवे एक्सझेड धरले जाते आणि पुढे कधीतरी चॅनेल वाढले की ते गाजावाजा न होता पुन्हा मागे खेचले जाते. पुढच्या काळात या पर्यायाचे नाव बदलून ‘सिस्टम.रिप्लेसडिपेंडन्सीज.रिप्लेसमेंट्स’ असे झाले, तेव्हा जुन्या नोंदींमधून उतरवलेले उदाहरण आता तसेच्या तसे वापरू नये. अशा ओळीशेजारी टिप्पणीत सीव्हीईचा क्रमांक, घातल्याची तारीख आणि ‘क्लोजरमध्ये ५.६.१ दिसेनासे झाले की काढावे’ ही अट लिहून ठेवली, तर सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्याला निर्णय घ्यायला पुरते.